ठोका ऐकणारी पेटी

स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ च्या मॉडेलपासून आपल्या ९०० टर्बो गाडीत एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवायला सुरुवात केली. तिचं नाव एपीसी, म्हणजे ऑटोमॅटिक परफॉर्मन्स कंट्रोल. टर्बो इंजिनात हवा किती दाबाने भरायची हे ही पेटी ठरवते. जुन्या साब सांभाळणारे शौकीन आजही ती उघडतात, आतले तीन प्रीसेट बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवतात आणि गाडीचा पिकअप वाढवतात. त्यांतले पुष्कळजण चुकीच्या प्रीसेटपासून सुरुवात करतात असं माझं स्पष्ट मत आहे. ते पटायचं तर ही पेटी कशासाठी जन्माला आली तिथवर मागे जायला हवं.

साब मूळची विमानं बनवणारी कंपनी. मोटारींच्या धंद्यात ती कायम लहानच राहिली. सत्तरच्या दशकात तिच्याकडे दोन लिटरचं, चार सिलिंडरचं एक चांगलं इंजिन होतं. त्याहून मोठं इंजिन नव्याने उभं करणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग टर्बो लावून त्याच इंजिनाकडून जास्त काम घ्यायचं ठरलं. त्या कामात पुढे होते कंपनीचे अभियंते पेर गिलब्रांड. पुढे स्वीडनमध्ये त्यांना ‘टर्बो-पेले’ याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

टर्बो तोवर जुना झाला होता. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबण्याच्या कल्पनेचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्डस्मोबिल जेटफायर आली, १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली. पण बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांची ताकद इंजिन बरंच वर फिरल्यावर एकदम अंगावर यायची. रोज ऑफिसला जाणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. गिलब्रांड यांनी छोटा टर्बो घेतला, जो कमी फेऱ्यांवरच भरभर फिरू लागतो. वरच्या फेऱ्यांवर तो नको इतका दाब तयार करणार, म्हणून जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणारी झडप, वेस्टगेट, हाच त्यांनी दाबाचा लगाम केला. १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात साब ९९ टर्बो उभी राहिली: १४५ अश्वशक्ती, ०.७ बारच्या आसपास दाब आणि जास्तीत जास्त ओढ अवघ्या ३००० फेऱ्यांवर. दोनच वर्षांनी स्टिग ब्लॉम्क्विस्ट याने तिच्यावर स्वीडिश रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेत टर्बो गाडीचा हा पहिला विजय.

एक अडचण मात्र शिल्लक होती, आणि ती टर्बोच्या जन्मापासूनची आहे: नॉकिंग. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर शिस्तीत पसरायला हवी. दाब आणि उष्णता फार वाढली की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. त्या स्फोटाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बाहेर धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. हे चालू राहिलं तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांमधला भाग तुटतो, कधी पिस्टनला भोकच पडतं. त्यात टर्बो हवा दाबताना तापवतोही: ३० अंशांची हवा ०.८ बारने दाबली की टर्बोतून निघताना ती शंभर अंशांच्या पुढे गेलेली असते.

यावर प्रत्येकाने आपापला उतारा शोधला. जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारत. ते संपलं की मालकाने टाकी भरायची. बरेच मालक भरत नसत. साबने ९९ टर्बोत कॉम्प्रेशन ७.२ वर उतरवलं. इंजिन वाचलं, पण टर्बो झोपलेला असताना, म्हणजे गावातल्या संथ चालीत, ते मंद झालं आणि पेट्रोल जास्त पिऊ लागलं. अमेरिकेत ब्यूइकने १९७८ मध्ये नॉक सेन्सर लावला आणि ठोका ऐकू आला की ठिणगी उशिरा पाडायची व्यवस्था केली. हा मार्ग झटपट आहे, पण उशिरा पेटलेलं मिश्रण आपली उष्णता एक्झॉस्टमध्ये ओतत राहतं.

गिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिणगीला हात लावला नाही. ठोका आला तर दाबच उतरवायचा, असं त्यांनी ठरवलं. एपीसीचा गाभा एवढाच, आणि त्याची साधी नेटकी मांडणी मला फार आवडते. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर विशिष्ट कंपनं टिपतो. साबच्या ९० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ठोक्याची कंपनं सेकंदाला सहा-सात हजारांच्या घरात असतात, त्यामुळे इतर खडखडाटातून ती वेगळी काढता येतात. दुसरा सेन्सर दाब मोजतो. इंजिनाच्या फेऱ्या इग्निशनकडून कळतात. या तीन बातम्यांवरून पेटी एका सोलेनॉइड व्हॉल्व्हला स्पंदनं पाठवते.

या व्हॉल्व्हला तीन तोंडं, त्यांवर सी, डब्ल्यू आणि आर ही अक्षरं. सी टर्बोच्या दाबाकडे, डब्ल्यू वेस्टगेट उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे, आर परत टर्बोच्या आत येणाऱ्या हवेकडे. व्हॉल्व्ह उघडला की अ‍ॅक्च्युएटरकडे निघालेला दाब आरमधून गळतो, वेस्टगेट बंद राहतो, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चढतं. वीज गेली, तार तुटली, पेटी बिघडली, तर व्हॉल्व्ह मिटतो, सगळा दाब सरळ अ‍ॅक्च्युएटरवर जातो आणि इंजिन स्प्रिंगने ठरवलेल्या मूळ बूस्टवर येतं. बिघाड झाला की इंजिन सुरक्षित बाजूला पडावं, हे आधीच विचार करून ठेवलेलं आहे. या आधारावर साबने कॉम्प्रेशन ८.५ पर्यंत चढवलं, आणि एकच गाडी वेगवेगळ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालू लागली. साधं पेट्रोल भरलं तर ताकद थोडी कमी. इंजिनाला धोका नाही.

आता ते तीन प्रीसेट. पी म्हणजे प्रेशर: किती दाबापर्यंत जायचं. एफचा संबंध इंजिनाच्या फेऱ्यांशी. के म्हणजे नॉक: ठोक्याबद्दल पेटीने किती तिखट कान ठेवायचा. नवशिका पी फिरवतो. बूस्ट वाढतं, पेटीला ठोके ऐकू येऊ लागतात, ती दाब उतरवते, गाडी गचके देते. मग तो के फिरवून तिचा कान मंद करतो. गचके थांबतात आणि ठोके तसेच चालू राहतात, फक्त आता ते कोणी ऐकत नसतं. एपीसीची सगळी किंमत के या प्रीसेटमध्ये आहे. कारखान्याने लावलेला के मी कधीही हलवू देणार नाही.

खरी सुरुवात पेटीला न उघडता होते. आधी रबरी नळ्या तपासायच्या; चाळीस वर्षांच्या नळ्यांना चिरा असतातच, आणि सी व आर या नळ्या कोणी उलट जोडल्या असतील तर दाबावर ताबाच राहत नाही. इग्निशनची वेळ बरोबर आहे याची खात्री करायची, कारण एपीसी ती सुधारत नाही. मग सोलेनॉइडची तार काढून मूळ बूस्ट मोजायचं. गाडीतल्या मीटरवर आकडे नाहीत, नुसते रंगीत पट्टे आहेत, म्हणून वेगळा गेज लागतो. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि ब्रेकने इंजिनावर भार धरून गेज वाचायचा. आकडा चुकीचा असेल तर अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याची लांबी आटे फिरवून बदलायची. हा पाया पक्का झाला की पुष्कळ ‘सुस्त’ गाड्या पेटीला हात न लावताच जाग्या होतात. त्यानंतर पी, तोही तिळातिळाने. आणि जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं हे विसरायचं नाही. इंजेक्टर पुरे पडेनासे झाले की मिश्रण पातळ होतं, जळण तापतं आणि पिस्टन वितळतात.

बाजारात सुटे मिळणारे पुष्कळसे बूस्ट कंट्रोलर याच सोलेनॉइडच्या तत्त्वावर उभे राहिले. त्यांत लक्ष्याचा दाब, सोलेनॉइड किती वेळ उघडा ठेवायचा आणि लक्ष्याकडे किती जोराने धावायचं हे आकडे भरता येतात. जोर जास्त झाला तर दाब लक्ष्य ओलांडून उसळतो, कमी झाला तर गाडी आळसावते. पहिल्या गिअरमध्ये टर्बोला भरायला वेळच मिळत नाही, चौथ्यात भार टिकतो म्हणून दाब अधिक चढतो; म्हणून आकडे वरच्या गिअरमध्ये ठरवतात आणि एका वेळी ०.१ बारहून जास्त वाढवत नाहीत. सोय भरपूर, पण यांतल्या बहुतेकांना कान नाही. तो ट्यूनरला द्यावा लागतो: ब्लॉकला जोडलेले हेडफोन डोक्यावर आणि नजर हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर.

साबने पुढे कान आणखी आत नेला. १९९३ मध्ये आलेल्या ट्रायॉनिकने ठिणगी, इंधन आणि बूस्ट एकाच संगणकाच्या ताब्यात दिलं. ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्या फटीतून वाहणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजून ते ठोका ओळखतं. वेगळा सेन्सर लागतच नाही. मोटारी बनवणारी साब कंपनी २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, पण ट्रायॉनिक उघडून त्याचे नकाशे, म्हणजे आतली आकड्यांची कोष्टकं, बदलणारे लोक अजून आहेत.

आपल्या चाकणला फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या एक लिटर टर्बो पेट्रोल गाड्या बनतात. त्यांत वेस्टगेट विजेची छोटी मोटर हलवते, प्रीसेट कुठे दिसत नाहीत, आणि पुण्या-मुंबईत लॅपटॉप लावून ‘रीमॅप’ करून देणारे बरेच आहेत. बदलले जातात ते आकडे मात्र त्याच जातीचे: किती दाब, कोणत्या फेऱ्यांवर, ठोक्याला किती सवलत. पैसे देण्याआधी रीमॅप करणाऱ्याला भर उन्हात, चार माणसं बसवून, खंबाटकीसारखा घाट चढताना घेतलेली नोंद दाखवायला सांगावी. तीत आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरची इग्निशन किती मागे सरकली हे दिसतं. एखादं सिलिंडर पुन्हा पुन्हा मागे सरकत असेल तर दाब खाली आणायला लावावा, आणि ठोक्याची मर्यादा सैल केलेली असेल तर गाडी मूळ नकाशावर परत मागावी.