हुंड्यात पन्नास हजारांची सूट

नाशिक रोडच्या माणसाला नाटक बघायचं तर बिटको चौकातून शालिमार गाठावं लागतं. कालिदास कलामंदिर तिकडे. ऑपेरा बघायचा तर पंचवटी एक्स्प्रेस धरून थेट मुंबई. २०१७ साली तिथल्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये संगीतकार दोमेनिको चिमारोझाचा 'इल मात्रिमोनिओ सेग्रेतो', म्हणजे 'गुप्त विवाह', रंगला. १९११मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे नाट्यगृह पुढे सिनेमाघर झालं, १९९३मध्ये बंद पडलं आणि २०१६मध्ये पुन्हा उघडलं. प्रयोगामागे होत्या मुंबईत जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या गायिका पॅट्रिशिया रोझारिओ.

कथानक आपल्या घरचंच वाटावं असं आहे. बोलोन्याचा व्यापारी जेरोनिमो पैशाने गब्बर आणि कानाने अधू. थोरल्या मुलीला, एलिसेत्ताला, सरदार नवरा हवा म्हणून तो एक लाखाचा हुंडा कबूल करतो. धाकटी कारोलिना मात्र दुकानातल्या कारकुनाशी, पाओलिनोशी, लग्न करून बसलेली. सरदार येतो आणि धाकटीलाच नवरी समजतो. चूक कळली तरी हट्ट सोडत नाही. धाकटी मिळत असेल तर हुंड्यात पन्नास हजारांची सूट देतो! बहिरा बाप एवढं मात्र नीट ऐकतो. देवलांच्या 'शारदा'तला कांचनभट पैसे घेऊन मुलगी देतो, हा पैसे मोजून जावई घेतो. सौदा तोच.

गंमत खरी आहे ती गाण्यात. नवरी कोण यावरून घोळ होतो तेव्हा सरदार, दोघी बहिणी आणि त्यांची आत्या चौघंही एकाच वेळी गातात. कुणी हादरलेलं, कुणी संतापलेलं. स्वर एकमेकांत गुंतलेले, तरी प्रत्येकाचं मन वेगळं ऐकू येतं. आपल्या संगीत नाटकात हे जवळजवळ नाही. किर्लोस्करांच्या १८८२च्या 'सौभद्रा'तही थोरल्या भावाने भलताच वर ठरवलेला आहे, वेषांतर आहे, नर्म विनोद तर पानोपानी आहे. पण पद सुरू झालं की बहुधा गोष्ट थांबते. नट पुढे येतो, आळवतो, वन्समोअर घेतो, मग नाटक पुढे सरकतं. रागाला ऐसपैस जागा लागते आणि ती एकट्या गळ्यालाच मिळते. हा दोष म्हणायला मी तयार नाही. त्या थांबण्यातच बालगंधर्व घडले.

वन्समोअरच्या बाबतीत मात्र व्हिएन्नाने आपल्यालाही मागे टाकलं. ७ फेब्रुवारी १७९२ला तिथे 'गुप्त विवाहा'चा पहिला प्रयोग झाला. सम्राट दुसरा लिओपोल्ड इतका खूश झाला की कलावंतांना जेवू घालून त्याच रात्री अख्खा ऑपेरा पुन्हा करायला लावला.

मराठीत गाण्यातूनच गोष्ट पुढे नेणाऱ्या या जातीच्या नाटकाजवळ कोण गेलं, असं विचाराल तर उत्तर नाशिकमध्येच सापडतं. इथल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६४मध्ये 'मत्स्यगंधा' लिहिलं, ते अजून पदांच्या वळणाचं. दोन वर्षांनी आलेल्या 'लेकुरे उदंड जाली'त मात्र नूर पालटला. मूल नसलेल्या जोडप्याची ही हसरी गोष्ट. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, नायक श्रीकांत मोघे. बोलता बोलता पात्रं गाऊ लागतात आणि गोष्ट चालूच राहते. चौघांचं एकत्र भांडण सुरात बांधायचं तेवढं राहिलं.