सांत भूमिती श्रेढीची बेरीज

ज्या क्रमिकेत प्रत्येक पद हे आधीच्या पदाला एकाच ठरावीक संख्येने गुणून मिळते, तिला भूमिती श्रेढी किंवा गुणोत्तर श्रेढी म्हणतात. अशा श्रेढीतील पदांची संख्या मर्यादित असल्यास ती सांत श्रेढी होय. तिची बेरीज काढण्यासाठी सर्व पदे लिहून मिळवावी लागत नाहीत. पहिले पद, गुणोत्तर आणि पदांची संख्या एवढी माहिती पुरेशी असते. आवर्ती ठेवीची मुदतीअखेरची रक्कम आणि कर्जाचा समान मासिक हप्ता ही दोन्ही गणिते याच बेरजेवर आधारलेली आहेत.

व्याख्या आणि चिन्हे

पहिले पद अ, सामान्य गुणोत्तर ग आणि पदांची संख्या न मानल्यास (येथे ^ हे चिन्ह घात दर्शवते) श्रेढी पुढीलप्रमाणे लिहिता येते:

अ, अग, अग^२, अग^३, …, अग^(न − १)

पहिल्या पदात ग ने एकदाही गुणलेले नसते, म्हणून शेवटच्या पदातील घातांक न नसून न − १ असतो. उदाहरणार्थ, ३, ६, १२, २४, ४८ या श्रेढीत अ = ३, ग = २, न = ५ असून शेवटचे पद ३ × २^४ = ४८ आहे. गुणोत्तर अपूर्णांक किंवा ऋण संख्याही असू शकते.

सूत्र

न पदांची बेरीज ब असल्यास,

ब = अ(ग^न − १) ÷ (ग − १), जेथे ग ≠ १

ग ची किंमत १ पेक्षा लहान असल्यास हेच सूत्र ब = अ(१ − ग^न) ÷ (१ − ग) असे लिहिणे सोयीचे असते. अंश व छेद या दोन्हींची चिन्हे बदलल्याने किमतीत फरक पडत नाही. ग = १ असल्यास छेद शून्य होतो व सूत्र लागू पडत नाही; मात्र तेव्हा सर्व पदे समान असल्याने बेरीज सरळ न × अ इतकी येते.

सिद्धता

वरील उदाहरणातील श्रेढीची बेरीज आणि त्या बेरजेची दुप्पट एकाखाली एक लिहिली असता,

ब = ३ + ६ + १२ + २४ + ४८
२ब = ६ + १२ + २४ + ४८ + ९६

दुसऱ्या ओळीतून पहिली वजा केल्यावर ६, १२, २४ व ४८ ही दोन्ही ओळींतील समान पदे नाहीशी होतात आणि ब = ९६ − ३ = ९३ एवढेच उरते. गुणोत्तराने गुणल्यावर प्रत्येक पद त्याच्या पुढच्या पदाइतके होते, म्हणजे संपूर्ण श्रेढी एक घर पुढे सरकते. त्यामुळे वजाबाकीत फक्त दोन टोके शिल्लक राहतात.

सर्वसाधारण श्रेढीसाठीही हीच रीत वापरतात:

ब = अ + अग + अग^२ + … + अग^(न − १)
गब = अग + अग^२ + … + अग^(न − १) + अग^न
गब − ब = अग^न − अ
ब(ग − १) = अ(ग^न − १)

ग − १ शून्य नसल्यास त्याने दोन्ही बाजूंना भागून सूत्र मिळते. पदांची संख्या ठाऊक नसून शेवटचे पद ठाऊक असल्यास, शेवटच्या पदाला गुणोत्तराने गुणून त्यातून पहिले पद वजा करावे व आलेल्या संख्येला ग − १ ने भागावे.

उदाहरणे

८१ + २७ + ९ + ३ + १ या श्रेढीत ग = १/३ आहे. बेरीज (८१ − १/३) ÷ (१ − १/३) = १२१ येते.

१ − २ + ४ − ८ + १६ या श्रेढीत ग = −२ आहे. (−२)^५ = −३२, म्हणून बेरीज (−३३) ÷ (−३) = ११ येते.

इतिहास

इ.स.पू. १५५० च्या सुमारास आहमेस या लेखनिकाने उतरवून काढलेल्या इजिप्तमधील ऱ्हाइंड पपायरसच्या ७९ व्या उदाहरणात ७, ४९, ३४३, २,४०१ आणि १६,८०७ या संख्यांची बेरीज १९,६०७ दिली आहे. शेजारीच २,८०१ ला ७ ने गुणून तेच उत्तर काढून दाखवले आहे. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथातील नवव्या खंडाचे ३५ वे प्रमेय हे या बेरजेचे भूमितीच्या भाषेतील विधान आहे.

भारतात पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंपासून होणाऱ्या वृत्तांची संख्या मोजताना २ चा घात झटपट काढण्याची रीत आढळते. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’तील श्रेढीव्यवहारात हीच रीत गुणोत्तर श्रेढीच्या बेरजेसाठी दिली आहे. पदांची संख्या विषम असल्यास त्यातून एक वजा करून ‘गुण’ असे मांडावे, सम असल्यास निम्मी करून ‘वर्ग’ असे मांडावे आणि शून्य येईपर्यंत हे चालू ठेवावे. मग शेवटापासून उलट क्रमाने गुणाकार व वर्ग करत यावे. आलेल्या फळातून एक वजा करून त्याला गुणोत्तर वजा एक याने भागावे व पहिल्या पदाने गुणावे.

त्याच ग्रंथातील एका उदाहरणात एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन वराटक, म्हणजे कवड्या, देतो आणि पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन देतो. महिन्यात तो किती निष्क देईल, असा प्रश्न आहे. ३० या संख्येवर वरील कृती केल्यास ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, ० अशा पायऱ्या मिळतात. उलट क्रमाने २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४ ही संख्या येते. एकोणतीस गुणाकारांचे काम अशा रीतीने सात पायऱ्यांत होते. त्यातून एक वजा करून दोनाने गुणल्यावर बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या होते.

२० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क या मापाने ही रक्कम १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ वराटक इतकी भरते. पहिल्या दहा दिवसांचे दान मात्र अवघे २,०४६ कवड्या, म्हणजे दोन द्रम्मांहूनही कमी असते. एकट्या तिसाव्या दिवशीचे दान आधीच्या २९ दिवसांच्या एकूण दानापेक्षा दोन कवड्यांनी अधिक आहे.

कर्जाचा मासिक हप्ता

दरमहा १ टक्का व्याजाने घेतलेले १,००,००० रुपयांचे कर्ज १२ समान हप्त्यांत फेडायचे असून प्रत्येक हप्ता ह रुपयांचा आहे, असे मानू. एका महिन्यानंतर दिल्या जाणाऱ्या हप्त्याचे आजचे मूल्य ह ÷ १.०१, दोन महिन्यांनंतरच्या हप्त्याचे ह ÷ १.०१^२ असते. ही १२ पदांची भूमिती श्रेढी असून तिची बेरीज मूळ कर्जाइतकी असावी लागते. सूत्राने ही बेरीज सुमारे ११.२५५ ह येते, म्हणून हप्ता सुमारे ८,८८५ रुपये व वर्षभराचे व्याज सुमारे ६,६१९ रुपये होते.

याच कर्जावर ‘फ्लॅट’ पद्धतीने १२ टक्के व्याज आकारल्यास फेडलेले मुद्दल विचारात न घेता पूर्ण १२,००० रुपये व्याज धरले जाते आणि हप्ता सुमारे ९,३३३ रुपये होतो. घटत्या शिलकेच्या हिशेबाने हा दर सुमारे २१.५ टक्के वार्षिक पडतो. दोन्ही ठिकाणी दर १२ टक्केच सांगितला जात असल्याने कर्जांची तुलना करताना आकारणीची पद्धत पाहणे आवश्यक ठरते.

नेहमी होणाऱ्या चुका

पदांची संख्या आणि शेवटचा घातांक यांची गल्लत ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा व पुढे दुप्पट दाणे ठेवल्यास ६४ व्या घरात २^६३ दाणे येतात. संपूर्ण पटावरील बेरीज मात्र २^६४ − १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी असते. श्रेढी भूमिती श्रेढी आहे की नाही, याची खात्री लगतच्या पदांचे गुणोत्तर सर्वत्र सारखे येते का हे पाहून करावी.

अनंत श्रेढीशी संबंध

ग ची किंमत −१ आणि १ यांच्या दरम्यान असल्यास न वाढत जाताना ग^न शून्याच्या जवळ जाते. अशा वेळी अनंत पदांच्या बेरजेलाही निश्चित सीमा असून ती अ ÷ (१ − ग) इतकी असते. उदाहरणार्थ, १/२ + १/४ + १/८ + … या श्रेढीची बेरीज १ आहे.