ऑक्टेनचा आकडा आणि रोलरवरची गाडी

भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी जागच्या जागी धावते. पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर, चारही कोपऱ्यांना आवळलेले जाड पट्टे, रेडिएटरसमोर भला मोठा पंखा. या यंत्राला डायनो म्हणतात. रोलर किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून चाकांपर्यंत पोचणारी ताकद मोजली जाते आणि पडद्यावर दोन रेषा उमटतात, एक पॉवरची, दुसरी टॉर्कची. पंपावर "साधं की पॉवर?" असं विचारलं की आपण मनाच्या कौलाने उत्तर देतो. इथे कौल यंत्र देतं.

शेड चालवणारा ट्यूनर आधी चाकणच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होता. त्याने पहिली गाडी घेतली ती साधी, टर्बो नसलेली १.२ लिटरची हॅचबॅक. टाकीत नेहमीचं पेट्रोल. इंजिन ठरावीक तापमानाला आणून त्याने एका गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आवाज चढत गेला, रेषा चढल्या, लाल पट्ट्याजवळ त्याने पाय काढला. मग टाकी रिकामी करून १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, इंजिनाच्या संगणकाला नवं इंधन ओळखायला वेळ मिळावा म्हणून गाडी रस्त्यावर फिरवून आणली, पुन्हा त्याच तापमानाला आणली आणि तोच प्रयोग केला. दुसरी रेषा पहिलीवर जवळजवळ तंतोतंत बसली.

"ऑक्टेन म्हणजे ताकद नाही," तो म्हणाला. "दाब वाढला तरी पेट्रोल स्वतःहून पेट घेत नाही ना, एवढंच तो आकडा सांगतो."

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. दाबलं की ते तापतं. स्पार्क प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्वाळा शिस्तीत पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता जास्त झाली, तर कडेला राहिलेलं मिश्रण ज्वाळा पोचण्याआधीच भडकतं. त्याचा धातूवर ठोकल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, गाडी नॉक करते. हे फार काळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं. या उपद्रवाला पेट्रोल किती दाद देत नाही ते मोजण्यासाठी ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९२६ साली मोजपट्टी सुचवली. आयसो-ऑक्टेनला १००, सहज नॉक करणाऱ्या हेप्टेनला ०. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे या दोघांच्या ९५ आणि ५ अशा मिश्रणाइतकंच नॉक सोसणारं पेट्रोल. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही.

त्या हॅचबॅकचं इंजिन साध्या पेट्रोलवरही नॉकच्या सीमेपाशी जात नव्हतं. मग जास्तीच्या सहनशक्तीचा तिला उपयोग काय?

दुसरी गाडी टर्बो होती, आणि चित्र बदललं. टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो, त्यामुळे सिलिंडरमधला दाब नॉकच्या काठावर असतो. इंजिन ब्लॉकवरचा नॉक सेन्सर नॉकची थरथर ऐकतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद थोडी घटते. भर दुपारी, तापलेल्या शेडमध्ये, लागोपाठ रन घेताना स्कॅनरवर ते दिसत होतं: साध्या पेट्रोलवर संगणक टायमिंग मागे घेत होता, १०० ऑक्टेनवर जवळपास नाही. पॉवरची रेषा वरच्या टोकाला थोडी उंचावली. फरक खरा होता. पण तो इंजिन पूर्ण रेटल्यावरचा. नाशिक फाट्याच्या सिग्नलला किंवा चाकण चौकातल्या कोंडीत तो कुणाला जाणवणार नाही.

ऑक्टेन न वाढवता इंजिन सुधारण्याचं काम पुण्याच्या याच औद्योगिक पट्ट्यात झालं आहे. बजाजने २००३ साली पल्सरमध्ये डीटीएस-आय तंत्र आणलं, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. दोन बाजूंनी ज्वाळा निघाली की जळण लवकर पुरं होतं आणि कडेच्या मिश्रणाला आपोआप भडकायला वेळ कमी मिळतो. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, साडेबाराच्या पुढे आहे, तरी गावोगावच्या पंपांवर साधं पेट्रोल भरून मुलं ती चालवतात. कॉम्प्रेशन, ठिणगीची वेळ, कूलिंग, सगळं उपलब्ध इंधनाशी जुळवणं, हीच इंजिनिअरची खरी कारागिरी.

पंपावरचं साधं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. बीएस-६ च्या इंधन मानकानुसार त्याचा ऑक्टेन किमान ९१ होता. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० मुळे तो ९५ च्या घरात गेला. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर आहे, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणून ऑक्टेन वाढला तरी ॲव्हरेज वाढलं नाही, उलट थोडं घटलं. ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा आज प्रत्येकाच्या टाकीत आहे.

इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आलं तेव्हा दिल्लीत लिटरला १६० रुपये भाव होता. पहिल्या यादीतल्या दहा शहरांत पुणे होतं. ज्या इंजिनांची रचनाच जास्त ऑक्टेनसाठी आहे, त्यांना ते हवंच. पण महिन्याचा हप्ता भरून घेतलेल्या साध्या गाडीत ते "इंजिनाला टॉनिक" म्हणून ओतणं म्हणजे कष्टाचा पैसा वाया घालवणं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पंपावर जाण्याआधी टाकीच्या झाकणाची आतली बाजू आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचा. तिथे ९१ लिहिलं असेल तर साधं पेट्रोल निश्चिंतपणे भरा. ९५ किंवा त्याहून जास्त मागितलं असेल तर तेवढंच द्या, तिथे काटकसर नको. आणि घाटात चढताना गाडी नॉक करू लागली, तर आधी खालचा गिअर टाका. आवाज तरीही राहिला तर महागडं पेट्रोल भरण्यापूर्वी प्लग, कूलंट आणि साठलेला कार्बन तपासून घ्या. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.