वर्गातला वाद: आधी ऐका, मग खोडा

'सन्माननीय अध्यक्ष, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथून सुरू झालेलं भाषण चार मिनिटांत, कुठेही न अडखळता संपतं. पुढचा स्पर्धक विरुद्ध बाजूचा, पण तोही घरून पाठ करून आलेला. आधीची मुलगी काय बोलली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, कारण त्याचे मुद्दे आठ दिवसांपूर्वीच आईने नाहीतर बाईंनी लिहून दिलेले असतात. फळ्यावर 'वादविवाद स्पर्धा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं खरं, पण होतं ते वक्तृत्व.

समोरच्याचं म्हणणं खोडायला लागल्यावरच वाद रंगतो, आणि खोडायचं तर आधी ते नीट ऐकावं लागतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद करणारा कुठे कुठे हरतो हे सांगणारी 22 निग्रहस्थानं आहेत. विषय सोडून भलतंच बोलणं हे त्यातलं एक, विनाकारण तेच ते बोलणं हे दुसरं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 'अननुभाषण'. मुद्दा तीनदा सांगून झाला, सभेला तो कळला, तरी ज्याला तो परत मांडून दाखवता येत नाही, तो हरला! टीव्हीवरच्या चर्चांना हा नियम लावला तर किती पाहुणे उरतील कोण जाणे. आठवी-नववीच्या वर्गाला मात्र तो सहज लावता येतो. 'तुझं म्हणणं असं आहे ना?' असं विचारायचं आणि समोरून होकार आला की मगच खोडायला लागायचं. सुरुवातीला मुलं चाचपडतात, समोरच्याच्या तोंडी भलतंच घालतात. तिथे शिक्षकांनी मध्ये पडू नये. ज्याचा मुद्दा आहे तोच दुरुस्त करतो.

विषय मुलांच्या अनुभवातला हवा. 'मोबाइल: शाप की वरदान' या विषयाला आता निवृत्त करावं. त्यापेक्षा नापास करण्याचा प्रश्न घ्या. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवायला बंदी केली. 2019च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन, फेरपरीक्षेतही नापास झालेल्यांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. यावर प्रत्येक मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवावी, म्हणजे न पटणारी बाजूही समजून घ्यावी लागते. एक पथ्य मात्र कडक पाळायचं. एखाद्या मुलाची जात, धर्म किंवा घरची परिस्थिती यांचाच निवाडा होईल असा विषय चिठ्ठीवर सोडायचा नाही. स्वतःच्याच घराविरुद्ध बोलायला लावणं हा शुद्ध छळ आहे.

वेळेची अडचण सगळेच सांगतात. पण 35 मिनिटांच्या तासिकेत हे बसतं. दोन्ही बाजूंचे तीन-तीन वक्ते, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे 12. मग 10 मिनिटं वर्गाचे प्रश्न, दोन्हीकडून एकेकाचं तीन मिनिटांचं समारोपाचं खंडन, आणि उरलेल्या वेळात मतदान. घंटा एखाद्या दंगेखोर मुलाच्या हाती द्यावी. तो वेळेच्या बाबतीत कुणाचीही गय करत नाही.

खरी कसरत असते ती बाकांवरच्या उरलेल्या पन्नास जणांची. त्यांना नुसतं बसवलं की मागच्या बाकांवर फुल्ली-गोळा सुरू होतो. म्हणून प्रत्येकाने एक प्रश्न कागदावर लिहायचा, कागद डब्यात टाकायचे आणि त्यातले चार-पाच काढायचे. कधीही हात वर न करणाऱ्या मुलीचा प्रश्न अशा वेळी हमखास बाहेर येतो. हात वर करून मतदान दोनदा घ्यावं, चर्चेआधी आणि चर्चेनंतर, आणि ज्या बाजूने जास्त मतं आपल्याकडे वळवली ती विजयी ठरवावी. नाहीतर लोकप्रिय बाजूला चिठ्ठी उघडल्या क्षणीच विजय मिळून जातो. शिक्षकांनी स्वतःचं मत मतदान होईपर्यंत खिशातच ठेवावं. बाईंना काय पटतं याचा वास लागला की निम्मा वर्ग तिकडे झुकतो.

वादविवाद घेणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती. परीक्षकाच्या तक्त्यातला 'हावभाव' हा रकाना खोडा. त्या जागी 'समोरच्याचा मुद्दा नीट मांडला का?' असं लिहा आणि सगळ्यांत जास्त गुण त्यालाच ठेवा.