थकणारे लोखंड

तारेचा एक तुकडा हातात घ्या. नुसता ओढून तो तुटत नाही. पण एकाच जागी मागेपुढे वाकवीत राहिलात, तर थोड्याच वेळात त्याचे दोन तुकडे होतात. वारंवार ताण सोसून धातूही जणू थकतो. हे साधे सत्य रेल्वेला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, एकाएकी मोडला. मागचे डबे पुढच्यांवर आदळले आणि आग भडकली. त्या काळी डब्यांना बाहेरून कुलूप लावीत. पन्नासांहून अधिक माणसे प्राणास मुकली. एवढा भक्कम आस मोडला कसा?

गाडीच्या ओझ्याने आस किंचित वाकतो. त्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. चाकाने अर्धा फेरा घेतला, की ताणलेली बाजू दाबली जाते आणि दाबलेली ताणली जाते. आपल्याकडील ९१५ मिलीमीटर व्यासाचे चाक मुंबईहून १९२ किलोमीटरवरील पुण्यास पोहोचेपर्यंत सुमारे ६७,००० फेरे घेते. तितक्याच वेळा आसही वाकतो! एवढ्याने तो मोडत नाही; परंतु अशा असंख्य फेऱ्यांनी एखादा सूक्ष्म तडा पडतो आणि हळूहळू वाढत जातो.

जर्मनीतील रेल्वेचे एक अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी याचा कसून अभ्यास केला. आस वाकवून फिरवीत ठेवणारी यंत्रे त्यांनी तयार केली आणि तो कितव्या फेऱ्यास मोडतो, हे वर्षानुवर्षे मोजले. १८७० पर्यंत त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताण जितका कमी, तितके फेरे अधिक. शिवाय, आसाची जाडी जेथे बदलते तेथे तीक्ष्ण कोपरा ठेवला, तर तडा लवकर पडतो. कोपऱ्यास गोलाई दिली, तर आस अधिक टिकतो.

आजही आस, चाके, स्प्रिंगा आणि डब्याखालील सांगाडे प्रयोगशाळेत लक्षावधी वेळा दाबून, वाकवून पारखले जातात. आपल्या देशात लखनौ येथे १९५७ साली स्थापन झालेली रेल्वेची संशोधन संस्था हे काम करते. वापरातल्या आसांत लपलेला तडा ध्वनिलहरींनी शोधतात.

रात्री गाडीत आपण निश्चिंत झोपतो. रुळांवर आस मोडू नये, म्हणून कोणीतरी तो प्रयोगशाळेत मुद्दाम मोडून पाहिलेला असतो.