न्यूट्रिनोचे वजन : शंभर वर्षांच्या उंबरठ्यावरचे मोजमाप

न्यूट्रिनोची कल्पना वोल्फगांग पाउली यांनी 1930 मध्ये मांडली, तेव्हाच त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या एक शतांशाहून अधिक नसावे, असे त्यांनी म्हटले होते. ते मोजण्याची वाट एन्रिको फर्मी यांनी 1934 मध्ये दाखवली. बीटा ऱ्हासात सुटणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो वाटून घेतात. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल, तर किमान तेवढी ऊर्जा त्याच्या वाट्याला जातेच. साहजिकच इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापटाचे वरचे टोक किंचित आखूड होते.

या कामी ट्रिटियम सोयीचे ठरले. त्याच्या ऱ्हासात जेमतेम 18.6 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते, त्यामुळे टोकाकडचा बारीक फरक टिपता येतो. 1980 मध्ये मॉस्कोतील गटाने 14 ते 46 इलेक्ट्रॉन-व्होल्टदरम्यान वस्तुमान आढळल्याचे जाहीर केले. पण झ्युरिच आणि लॉस अलामोस येथील प्रयोगांपुढे तो दावा टिकला नाही. पुढे माइंट्स व ट्रॉइट्स्क येथील प्रयोगांनी कमाल मर्यादा सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत खाली आणली.

दुसरी वाट विश्वरचनाशास्त्राची. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो आजही दर घन सेंटिमीटरला तीनशेहून अधिक आहेत. ते जड असते, तर विश्वाचे प्रसरण वेगळे दिसले असते. हा युक्तिवाद 1966 मध्ये गेर्श्टाइन व झेल्डोविच यांनी केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी निगडित असलेले रामनाथ कौसिक यांनी मॅक्लेलंड यांच्यासह 1972 मध्ये तो अधिक काटेकोर केला.

1998 मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात, हे दिसले. वस्तुमान शून्य असते तर असे झाले नसते. मात्र यातून वस्तुमानांच्या वर्गांतील फरकच कळतात. त्यावरून न्यूट्रिनोच्या तीन वस्तुमानांची बेरीज किमान 0.06 इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. कमाल मर्यादेच्या जोडीला आता किमान मर्यादाही मिळाली.

मग जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे काट्रिन हा प्रयोग उभा राहिला. त्याची 200 टनांची, 10 मीटर व्यासाची निर्वात टाकी डेगेनडॉर्फला बनली. कार्ल्सरूहे तिथून अवघे 400 किलोमीटर. पण एवढे धूड रस्त्यांवर मावेना. शेवटी डॅन्यूब, काळा समुद्र, भूमध्य, अटलांटिक आणि ऱ्हाईन असा सुमारे 9000 किलोमीटरचा वळसा घालून 2006 मध्ये ती पोहोचली. काट्रिनची मर्यादा 2019 मध्ये 1.1, 2022 मध्ये 0.8 आणि 2025 मध्ये 0.45 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आली.

दरम्यान खगोलीय निरीक्षणे पुढे सरकली. वेगवान न्यूट्रिनो एका जागी गोळा होत नाहीत, त्यामुळे दीर्घिकांच्या रचनेची घडण मंदावते. प्लांक उपग्रहाच्या 2018 च्या निष्कर्षांतून बेरजेची मर्यादा 0.12 आली, डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाची भर पडल्यावर 2024 मध्ये ती 0.072 झाली, म्हणजे किमान मूल्याच्या अगदी लगत. मात्र हा आकडा कृष्णऊर्जा काळानुसार बदलत नाही, या गृहीतावर उभा आहे. ते सैल केले की मर्यादाही सैल होते. ट्रिटियमच्या मोजणीला असे गृहीत लागत नाही, केवळ ऊर्जेचा हिशेब पुरतो. म्हणूनच पुढील प्रोजेक्ट 8 प्रयोगात चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रारणाची वारंवारिता मोजून 0.04 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.