नव्या मोटारीचे पहिले हजार किलोमीटर

नवी मोटार दारात आली की तिला हार घालावा, चाकाखाली लिंबू ठेवावे, नारळ वाढवावा आणि पहिल्याच रविवारी घरच्या मंडळींनी देवदर्शनास निघावे, असा आपल्याकडील परिपाठ आहे. दर्शन मंगेशीचे किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेचे असेल तर प्रश्न येत नाही. परंतु कित्येकांना कोल्हापूर, पंढरपूर वा तुळजापूर गाठावयाचे असते. मग पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन, शंभर किलोमीटरही न धावलेली गाडी चोर्ला घाट चढू लागते. ‘गाडी अजून रनिंगमध्ये आहे, सावकाश घे,’ असे वडील मंडळी बजावतात. ‘हल्लीच्या इंजिनांना त्याची गरज नसते,’ असे चिरंजीव उत्तर देतात. या वादात दोन्ही पक्षांचे थोडे चुकते.

वडिलांचा अनुभव ॲम्बॅसॅडर आणि फियाट यांच्या काळातील. त्या काळी इंजिनाच्या भागांचे कातकाम आजच्याइतके बारीक नसे. नवे इंजिन घट्ट असे, लवकर तापे, आणि गाडीच्या मागील काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी लावून मालक कित्येक आठवडे बैलगाडीच्या चालीने तिला हाकीत. आजचे कातकाम पुष्कळच सुधारले आहे, हे चिरंजीवांचे म्हणणे खरे. मात्र इंजिनाच्या एका भागाचे काम कारखान्यात पुरे होत नाही. ते रस्त्यावरच व्हावे लागते.

हा भाग म्हणजे दट्ट्याभोवतीच्या कड्या, म्हणजेच पिस्टन रिंगा, आणि त्या जिच्यावर घासतात ती सिलिंडरची भिंत. ही भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असे आपणांस वाटते. वस्तुतः कारखान्यात तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. जात्याला टाकी लावल्यावर पाळू जशी खरखरीत होते, तसाच काहीसा हा प्रकार. त्या रेघांत तेल टिकून राहते, आणि त्यांचे सूक्ष्म उंचवटे पहिल्या काही तासांत रिंगांशी घासून बसतात. रिंग व भिंत यांची अशी जोडी जमली की ज्वलनाचा वायू खाली निसटत नाही आणि खालचे तेल वर चढून जळत नाही. टाकी लावलेल्या जात्यातले पहिले पीठ कचकचते म्हणून ते टाकून देतात. नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलातही असाच धातूचा बारीक कस उतरत असतो.

रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. ज्वलनाचा वायू रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार असेल तर हा रेटा अधिक, भार नसेल तर अगदी कमी. म्हणूनच गाडी अंगणात तासन्‌तास चालू ठेवून ‘रनिंग उतरविण्याची’ जी पद्धत काही ठिकाणी आढळते, ती निरुपयोगीच नव्हे तर अपायकारक आहे. रिंग पुरेशी दाबली जात नाही, भिंतीवर तेलाचा चकचकीत थर बसतो, रेघा बुजतात, आणि इंजिन पुढे तेल पिऊ लागते. डिझेल इंजिनांत हा धोका विशेष असतो. उलटपक्षी, पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर न जुळलेल्या पृष्ठभागांवर उष्णता वाढून ओरखडे पडण्याचा संभव असतो. भार हवा, पण तो मध्यम हवा आणि बदलता हवा.

उत्पादकांच्या पुस्तिका याच अर्थाच्या सूचना देतात. मारुती सुझुकीच्या पुस्तिकांत पहिल्या ९६० किलोमीटरांची मर्यादा आढळते (हा विचित्र आकडा म्हणजे ६०० मैलांचे रूपांतर होय); होंडा व टोयोटा १००० किलोमीटर सांगतात. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, एकदम वेग वाढवू नये, असे त्यांत असते. ‘ताशी किती वेगाने चालवू?’ हा प्रश्न सर्वजण विचारतात, पण तो अपुरा आहे. इंजिनास रस्त्यावरचा वेग कळत नाही, त्यास स्वतःच्या फेऱ्या कळतात. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० चालणारी लहान मोटार पाचव्या गिअरमधील ताशी ८० पेक्षा बहुधा अधिक फेरे घेत असते. काटकसरीच्या समजुतीने चढावर वरचा गिअर तसाच ठेवून गाडी कण्हत नेणे, ही आमच्या मते सर्वांत मोठी चूक. आणि सावकाश चालविणारी मंडळीच ती अधिक करतात.

तेव्हा घाट नव्या गाडीस वर्ज्य नाही. वेळीच खालचा गिअर घालावा, दोन माणसे कमी न्यावीत, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे, अर्ध्या वाटेवर चहास थांबावे. खरे तर सपाट महामार्गावर तीन तास एकाच वेगाने जाण्यापेक्षा चढउतारांचा रस्ता, त्यावरील भार सतत बदलत असल्याने, अधिक बरा. ब्रेक मात्र पहिले ३०० किलोमीटर, प्रसंग आल्याखेरीज, जोराने दाबू नयेत. तेही अजून बसावयाचे असतात. उतारावर खालच्या गिअरचाच आधार घ्यावा.

तेल नेमून दिलेल्या वेळेपूर्वी स्वतःच्या मनाने बदलू नये. काही उत्पादक तसे स्पष्ट बजावतात. पहिली मोफत तपासणी बहुतेक गाड्यांना १००० किलोमीटर किंवा एक महिना, यांपैकी जे आधी येईल तेव्हा असते. तोपर्यंत दर आठवड्यास तेलपट्टी काढून पाहावी, कारण या काळात तेल थोडे अधिक खर्ची पडते. बाजारात मिळणारी ‘इंजिन मऊ करणारी’ द्रव्ये घालू नयेत. घर्षण संपूर्ण टाळले तर रिंगा बसावयाच्या कशा?

हे पथ्य न पाळल्याने गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. रिंगा नीट न बसल्याचे फळ निळसर धूर आणि वाढते तेल या रूपाने उशिरा दिसू लागते, आणि तोवर हमीची मुदत उलटून गेलेली असू शकते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच असतात.

शेतकरी बांधवांच्या ट्रॅक्टरला हाच नियम लागू आहे, फक्त तेथे किलोमीटरऐवजी तास मोजतात. पहिली तपासणी सामान्यतः ५० तासांनी असते. तोवर हलकी ट्रॉली ओढणे, कुळवणी अशी मध्यम कामे घ्यावीत. खोल नांगरट व खाजन शेतातील चिखलणी त्यानंतर करावी. ट्रॅक्टर पावसाच्या तोंडावर घेण्याऐवजी महिनाभर आधी घेतला तर हे ५० तास पुरे करण्यास सवड मिळते.